दुबार पेरणी

सहा चेंडूंत तीन धावा. शाळेच्या मैदानावरचा सामना असता तर एव्हाना पोरांनी स्टंप उपटून घराची वाट धरली असती. ९ मार्च २०१९ रोजी गुवाहाटीत भारत आणि इंग्लंड यांच्या महिला संघांमधला तिसरा टी-२० सामना याच टप्प्यावर आला होता. इंग्लंडच्या ११९ धावा झाल्या होत्या. कर्णधार स्मृती मानधनानं ५८ धावा काढून अवघड भाग संपवून दिला होता. सहा गडी हातात होते आणि एका टोकाला मिताली राज ३० धावांवर नाबाद उभी होती. स्ट्राइकवर मात्र होती अमरावतीची भारती फुलमाळी. वय २४ वर्षं, दोनच दिवसांपूर्वी पदार्पण झालेलं. समोर इंग्लंडची गोलंदाज केट क्रॉस.

पहिल्या चेंडूवर धाव नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर नाही. चौथ्यावर भारती झेलबाद. पाचव्यावर अनुजा पाटील यष्टिचीत. शेवटच्या चेंडूवर शिखा पांडेला एक धाव मिळाली आणि भारत एका धावेनं हरला. मितालीला त्या षटकात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

मी मूर्तिजापूरची. अकोला आणि अमरावती यांच्या मधलं हे गाव. कॉलेजसाठी अकोला, लग्नाचा बस्ता बांधायला अमरावती, अशी आमच्या घरची वाटणी होती. त्या दिवशी मी मोबाइलवर धावफलक बघत बसले होते. आपल्याकडची पोरगी भारताच्या जर्सीत खेळतेय, याच्या आनंदात दोन दिवस गेले होते आणि तो आनंद सहा चेंडूंत मावळला. गावाकडच्या सगळ्या गटांवर एकच प्रश्न फिरत होता : काहून एक धाव काढून मितालीकडं स्ट्राइक दिली नाही? प्रश्न चुकीचा नव्हता. पण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आदल्या सामन्यात तिनं काढलेल्या १८ धावा पाहिल्या नव्हत्या. विदर्भाकडून ती कित्येक वर्षं काय करत आली होती, तेही त्यांना माहीत नव्हतं. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधली तिची सगळी ओळख त्या एका षटकात मावली. त्यानंतर भारताच्या संघात तिचं नाव पुन्हा यायला जवळजवळ सात वर्षं लागली.

लढाऊ खेळाडू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. जबडा आवळलेला, डोळे वटारलेले, शतक झालं की हवेत मूठ. मुंबईच्या क्रिकेटनं त्याला ‘खडूस’ हा शब्द दिला. विकेट फेकायची नाही, प्रतिस्पर्ध्याला फुकट काही द्यायचं नाही, हा त्याचा अर्थ. मला त्या शब्दाबद्दल आदर आहे. पण वऱ्हाडातल्या खेळाडूंकडे बघताना मला दुसरा शब्द सुचतो, तो आहे ‘चिवट’. आमच्याकडे हरळीला चिवट म्हणतात. वखर फिरवा, मुळ्या वेचून बांधावर टाका, पहिल्या पावसानंतर ती पुन्हा वर आलेलीच असते. खडूसपणा मैदानावर दिसतो. चिवटपणा दोन सामन्यांच्या मधल्या काळात असतो, आणि तो काळ कुणी टीव्हीवर दाखवत नाही.

आणि एक शब्द आहे, तो इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे : दुबार पेरणी. मृगाचा पाऊस पडतो, कापूस-सोयाबीन पेरलं जातं, कोंब वर येतात आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं. कोंब करपतात. पुन्हा बियाणं आणायचं, पुन्हा तिफण जुंपायची. या शब्दाभोवती मला कोणतीही रम्य कथा विणायची नाही. ज्या जिल्ह्यांमधून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत, तिथं कष्टाचं कौतुक जपून करावं लागतं. दुबार पेरणीला जिद्द लागते हे खरंच; पण त्याआधी बियाणं लागतं, आणि ते घ्यायला कुणीतरी उधारी द्यावी लागते. क्रिकेटपटूंच्या जिद्दीबद्दल लिहिताना हा दुसरा भाग आपण विसरतो. भारतीची सात वर्षं मला त्यासाठीच सांगावीशी वाटतात.

तुलना करायची तर बेन स्टोक्सची करू. ३ एप्रिल २०१६, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटच्या षटकात वेस्ट इंडिजला १९ धावा हव्या होत्या आणि कार्लोस ब्रेथवेटनं स्टोक्सला लागोपाठ चार षटकार मारले. स्टोक्स खेळपट्टीवरच गुडघ्यांत डोकं घालून बसला. ते दृश्य साऱ्या जगानं पाहिलं. तीन वर्षांनी, १४ जुलै २०१९ ला, लॉर्ड्सवरच्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्यानंच नाबाद ८४ धावा करून इंग्लंडला तारलं. मनोबलाचं उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण कोलकात्याच्या त्या रात्रीनंतर दोन महिन्यांच्या आत स्टोक्स इंग्लंडच्या कसोटी संघात खेळत होता. पडल्यावर उठायला त्याच्या पायाखाली जमीन होती. मार्च २०१९ मध्ये भारतीच्या पायाखाली काय होतं? महिलांची आयपीएल नव्हती. देशांतर्गत महिला क्रिकेटचे मोजके सामने, तेही टीव्हीवर क्वचितच दिसणारे. वर्षभरात कोविड आला आणि होते तेही सामने आटले.

स्टोक्सचं धैर्य यानं कमी होत नाही. पण धैर्य दाखवायला मैदान मिळणं हीसुद्धा एक मिळकत आहे, आणि ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही.

अमरावतीला मैदानाची परंपरा जुनी आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झालं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मल्लखांब, कबड्डी, कुस्ती यांची ही भूमी. क्रिकेट इथं नंतर रुजलं आणि त्याला इथल्या मातीशीच झगडावं लागलं. वऱ्हाडातली काळी माती कपाशीला मानवते, खेळपट्टीला सहजी मानवत नाही. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की लहान मुलाचा पाय आत जावा, आणि पावसाळ्यात तीच फुगून चिकट गोळा होते. म्हणून अनेक ठिकाणी मुरमावर मॅट अंथरून खेळ चालायचा. मॅटवर चेंडू उसळतो, सरळ बॅटवर येतो. तिथं वाढलेला पोरगा हिरवळीच्या खेळपट्टीवर गेला की चेंडू घोट्याशी राहतो आणि सगळं नव्यानं शिकावं लागतं. त्यात अकोल्याचं ऊन. एप्रिल-मे महिन्यांत देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत अकोल्याचं नाव नेहमीचंच. सराव सकाळी साडेनऊच्या आत संपला नाही, तर मुलं घरी पोचेपर्यंत आयांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

आणि मग नागपूर. विदर्भ क्रिकेट संघटनेचा कारभार, निवड चाचण्या, अकादमी, पूर्वी सिव्हिल लाइन्सचं आणि २००८ पासून जामठ्याचं मोठं मैदान, सगळं तिकडे. अमरावतीहून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. बडनेऱ्याच्या फलाटावर पहाटे किट बॅगेला टेकून पेंगणारी पोरं मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. नागपूरचा मुलगा चाचणीत नापास झाला तर संध्याकाळी घरी जेवायला असतो. अकोल्याचा मुलगा नापास झाला तर रात्रभराच्या प्रवासात त्याला त्या एका चुकीच्या फटक्याखेरीज दुसरी सोबत नसते.

यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्माचा जन्मही अमरावतीचा, २२ ऑक्टोबर १९९३ चा. लष्करात जाण्याचं त्याच्या मनात होतं, आणि खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी तो क्रिकेटकडे वळला, असं त्यानं स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. मुंबई इंडियन्सनं त्याला घेतलं, पण एकही सामना खेळायला मिळाला नाही. मग काही वर्षं आयपीएलमध्ये त्याचं नावच नव्हतं. पंजाब किंग्जकडून तो २०२२ मध्ये पहिला सामना खेळला तेव्हा २८ वर्षांचा होता. त्या वयात अनेकांना आपली गाडी सुटली, असं वाटू लागतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्यानं भारताकडून पदार्पण केलं आणि सुवर्णपदकाच्या संघात तो होता. पण २०२४ च्या टी-२० विश्वचषकाच्या वेळी यष्टिरक्षक म्हणून दुसऱ्यांची नावं आली.

२७ मे २०२५ चा आयपीएलमधला लखनौचा सामना मी दोनदा पाहिला, एकदा त्या रात्री आणि एकदा हा लेख लिहिण्यासाठी. ऋषभ पंतच्या नाबाद ११८ धावांच्या जोरावर लखनौनं २२७ केल्या होत्या. पहिल्या दोनांत राहायचं तर बंगळूरला सामना जिंकणं भाग होतं. चौथा गडी बाद झाला तेव्हा फलकावर १२३ धावा होत्या आणि विराट कोहलीही परतला होता. त्या रात्री बंगळूरचं कर्णधारपद जितेशकडे होतं. तो ४९ धावांवर असताना दिग्वेश राठीच्या चेंडूवर त्याचा उलटा स्वीप थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला. पंचांनी पाहिलं तर नो-बॉल. पुढच्या फ्री हिटवर षटकार. त्याच षटकात राठीनं त्याला नॉन-स्ट्रायकर टोकाला धावबाद करण्याचा प्रयत्न केला, तोही फसला. एवढ्या गोंधळात कुणाचंही चित्त विचलित व्हावं. तो मात्र प्रत्येक वेळी क्रीझमध्ये परत येऊन हातमोजे नीट करायचा आणि पुढच्या चेंडूला तयार व्हायचा. ३३ चेंडूंत नाबाद ८५. मयंक अगरवालबरोबर ४५ चेंडूंत १०७ धावांची अभेद्य भागी. आठ चेंडू राखून विजय. आठवड्याभरात, ३ जूनला, बंगळूरनं आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं आणि त्या अंतिम सामन्यातही त्याच्या १० चेंडूंत २४ धावा होत्या.

नो-बॉल हे नशीब होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जीवदान मिळाल्यावर अनेक फलंदाज सावध होतात, आपण आत्ताच वाचलो या विचारानं हात आखडतात. जितेशनं त्याच गोलंदाजाला त्याच आत्मविश्वासानं मारलं. मला त्या डावात सर्वांत जास्त तेच आवडलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहात मात्र सगळं उलटं घडलं. रायझिंग स्टार्स आशिया चषकाच्या उपांत्य सामन्यात भारत ‘अ’ संघ बांगलादेश ‘अ’ विरुद्ध सुपर ओव्हरमध्ये गेला. कर्णधार जितेश स्वतः सलामीला उतरला आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला. दुसराही गडी पुढच्याच चेंडूवर बाद. धावा शून्य. वैभव सूर्यवंशीसारखा धडाकेबाज फलंदाज बाहेर बसलेला असताना हा निर्णय का, यावर खूप टीका झाली. जितेशनं पराभवाची जबाबदारी स्वतःवर घेतली. मला तो निर्णय चुकलाच होता असं वाटतं. पण कठीण चेंडू दुसऱ्याच्या अंगावर न ढकलता स्वतः पुढे होणारा कर्णधार मला आवडतो. डिसेंबरमध्ये २०२६ च्या टी-२० विश्वचषकाचा संघ जाहीर झाला, त्यात त्याचं नाव नव्हतं. सलग दुसरा विश्वचषक हुकला.

अकोल्याची गोष्ट रणजी करंडकातून सांगावी लागते. विदर्भ १९५७-५८ पासून ही स्पर्धा खेळत होता आणि पहिलं विजेतेपद मिळायला २०१७-१८ चा मोसम उजाडला. तोवर विदर्भाविरुद्धचा सामना म्हणजे मोठ्या संघांना हमखास गुण. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचा खडूसपणा घेऊन आले, वसीम जाफर आला, कर्णधार फैझ फझलनं संघ बांधला. ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात कर्नाटकला जिंकायला १९८ हव्या होत्या. रजनीश गुरबानीनं सात बळी घेतले आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. उमेश यादव त्यानंतर भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेला. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याच्या जागी नवा चेंडू कुणाच्या हातात द्यायचा? संघानं तो अकोल्याच्या एकोणीस वर्षांच्या आदित्य ठाकरेच्या हातात दिला. प्रथम श्रेणीतला पहिला सामना, तोही थेट रणजीचा अंतिम सामना, समोर दिल्ली. पहिल्याच षटकात त्यानं सलामीवीर कुणाल चंडेलाला शून्यावर बाद केलं. गुरबानीनं हॅट्‌ट्रिक घेतली, अक्षय वाडकरनं १३३ केल्या आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून विजेता ठरला. पाठोपाठ आदित्यला १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी न्यूझीलंडहून बोलावणं आलं.

अथर्व तायडे हाही अकोल्याचाच. त्याच मोसमात कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध त्याच्या ३२० धावा होत्या. सतरा वर्षांच्या मुलाच्या नावावर अंतिम सामन्यातलं त्रिशतक लागलं की लोक पुढच्या वर्षाचीसुद्धा वाट बघत नाहीत. अथर्वला बघावी लागली.

२०२४ चा रणजी अंतिम सामना विदर्भ वानखेडेवर मुंबईकडून हरला. जिंकायला ५३८ धावा हव्या होत्या. अशा वेळी संघ तिसऱ्या सत्रापर्यंत गुंडाळले जातात. पण पाचव्या दिवशी पहिल्या संपूर्ण सत्रात वाडकर आणि हर्ष दुबे यांनी एकही गडी पडू दिला नाही. वाडकरच्या १०२, दुबेच्या ६५, संघाच्या ३६८. पराभव १६९ धावांनी. त्या सकाळी वानखेडेवर मुंबईकरांच्या चेहऱ्यांवर आलेली अस्वस्थता मला एखाद्या करंडकाइतकीच मोलाची वाटते.

पुढच्या वर्षी विदर्भानं जामठ्यावर केरळविरुद्ध करंडक परत मिळवला. उपांत्यपूर्व सामन्यात तमिळनाडूला गुंडाळताना आदित्य ठाकरेनं पाच बळी घेतले होते. उपांत्य सामन्यात अथर्व सलामीला खेळला होता. अंतिम सामन्याच्या अकरांत मात्र दोघेही नव्हते. बाकावरून उठून टाळ्या वाजवणं, पाण्याच्या बाटल्या नेणं, आणि करंडकाबरोबरच्या छायाचित्रात हसणं, हे सगळं मनापासून करता येणं हीसुद्धा मनाची ताकदच, आणि तिचा आकडा कुठल्याही धावफलकावर येत नाही. सात महिन्यांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्याच जामठ्यावर इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध अथर्वनं १४३ केल्या, विदर्भ ९३ धावांनी जिंकला आणि तो सामनावीर ठरला. जानेवारी २०२६ मध्ये विदर्भानं पहिल्यांदाच विजय हजारे करंडक जिंकला. सौराष्ट्राविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात शतक होतं ते अथर्वचंच.

आता पुन्हा भारतीकडे.

२०१९ नंतर ती खेळत राहिली, एवढंच वाक्य लिहिलं तर ते फार सोपं वाटतं. त्यात विदर्भाचे सराव आले, रिकाम्या स्टँडसमोरचे सामने आले, दर वर्षी जाहीर होणाऱ्या भारतीय संघाच्या याद्या आल्या. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुली त्या यादीत येऊ लागल्या. आमच्या भागात तिशीकडे झुकलेल्या मुलीला खेळाबद्दल विचारले जाणारे प्रश्न धावांचे नसतात, हे मी वेगळं सांगायला नको.

२०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. भारती २०२४ मध्ये गुजरात जायंट्सकडून दिसली आणि दिल्लीविरुद्ध तिनं ४२ केल्या. २५ फेब्रुवारी २०२५ ला पुन्हा दिल्ली. गुजरात १२७ पर्यंत पोचला तो तिच्या नाबाद ४० मुळे. १० मार्चला ब्रेबॉर्नवर मुंबईनं १७९ केल्या आणि भारतीनं पाठलागात २५ चेंडूंत ६१ फटकावल्या. मुंबईचा विजय नऊ धावांवर आला. हे तिन्ही सामने गुजरात हरला. तिची दुसरी खेळी अशी हरलेल्या सामन्यांमधून उभी राहिली. विजयाच्या झोतात एखादी खेळी सहज नजरेत भरते. हरलेल्या संघातल्या फलंदाजाला वर्षानुवर्षं तेच करून दाखवावं लागतं, तेव्हा कुठे कुणाच्या वहीत नाव लिहिलं जातं.

आणि इथंच ती बियाण्याची गोष्ट येते. लीग चार वर्षं उशिरा सुरू झाली असती तर? भारती तितकीच चिवट असती, तितकेच चेंडू तिनं सरावात टोलवले असते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागला नसता. गुवाहाटीचं ते षटक हीच तिची शेवटची ओळख राहिली असती. किती जणींच्या बाबतीत तसंच झालं असेल? माझ्या वर्गात एक मुलगी होती. मूर्तिजापूरच्या शाळेमागच्या मैदानात ती मुलांना ऑफ कटर टाकायची आणि मुलं चिडायची. दहावीनंतर तिचं खेळणं थांबलं. ती कच्च्या मनाची होती म्हणून नव्हे. अकोल्याला मुलींचा सराव चालत असल्याचं तिला कुणी सांगितलं नाही आणि रोजच्या गाडीभाड्याचा विषय घरात काढायची तिची हिंमत झाली नाही. आजही आम्ही भेटलो की ती बोटांत संत्रं फिरवून ती पकड दाखवते.

जानेवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारतीय महिला संघ जाहीर झाला. टी-२० च्या यादीत भारती फुलमाळी हे नाव होतं. महिन्याभरापूर्वीच अमरावतीच्या एका मुलाचं नाव विश्वचषकाच्या यादीतून गळलं होतं. मी ती यादी त्या मैत्रिणीला पाठवली. तिचा लगेच फोन आला. आम्ही दोघी मिळून भारतीची आकडेवारी वाचली. आंतरराष्ट्रीय सामने २. सर्वाधिक धावा १८. शेवटचा सामना इंग्लंडविरुद्ध, गुवाहाटी, ९ मार्च २०१९. वय तेव्हा ३१.